डॅकच्या डबीत दडलंय काय?

लॅपटॉपच्या आवाजावर नाराज असलेल्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो: बाहेरून डॅक लाव. डॅक म्हणजे शून्य-एकच्या आकड्यांची वीज करणारा भाग. त्या विजेने हेडफोनचा पडदा हलतो आणि आपल्याला गाणं ऐकू येतं. गंमत अशी की हा सल्ला ऐकणाऱ्याच्या घरात तोवर अर्धा डझन डॅक नांदत असतात. लॅपटॉपात एक, मोबाइलमध्ये एक, टीव्हीत एक. ब्लूटूथच्या इवल्याशा इअरबडमध्ये तर डाव्याचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. म्हणजे आपण बाजारात निघालोय ते जादाचा डॅक आणायला. त्या जादाच्या डबीभोवती जमलेल्या या काही सुरस कथा, आणि त्यांच्या अधेमधे खिसा वाचवण्याच्या चार गोष्टी.

प्रिंटरच्या पोर्टातून गाणं

पीसीला बाहेरून डबी लावून आवाज काढायची कल्पना यूएसबीपेक्षाही जुनी आहे. १९८६च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या कोव्हॉक्स कंपनीने 'स्पीच थिंग' नावाची वस्तू आणली. किंमत सुमारे ७० डॉलर. तेव्हाचा पीसी पीं-पीं करण्यापलीकडे फारसं काही करत नसे. ही डबी प्रिंटरच्या पोर्टात खुपसली की तो चक्क बोलायला लागायचा.

आत काय होतं? रेझिस्टरची शिडी. प्रिंटरच्या पोर्टातून एका वेळी ८ बिट बाहेर पडतात. पहिला बिट पूर्ण जोर लावतो, दुसरा त्याच्या निम्मा, तिसरा पाव, असं खाली खाली. सगळ्यांची बेरीज म्हणजे त्या क्षणाचं व्होल्टेज. इतकं सोपं प्रकरण असल्यामुळे पूर्व युरोपातल्या हौशी पोरांनी विकत घेण्याच्या भानगडीत न पडता सोल्डरिंग करून घरीच डब्या बनवल्या. आज हीच शिडी 'आर-टू-आर' नावाने मिरवते, आणि तिच्या भारी आवृत्त्यांची किंमत लाखात जाते. रेझिस्टर अर्थातच कितीतरी अचूक असतात. तत्त्व मात्र प्रिंटरच्या पोर्टातलंच.

माउस हलला की कानात चिर्रर्र

लॅपटॉपचा डॅक मूळचा वाईट नसतो, त्याला शेजार वाईट मिळालेला असतो. एकाच बोर्डावर प्रोसेसर, वायफाय, पंखा आणि सेकंदाला लाखो वेळा चालूबंद होणारी वीजपुरवठ्याची सर्किटं, आणि त्यांच्याच कुशीत हा बिचारा मायक्रोव्होल्टचा हिशोब सांभाळत बसलेला. काही लॅपटॉपांत माउस हलवला किंवा पान वरखाली केलं की हेडफोनमध्ये बारीक चिरचिर ऐकू येते, ती याच शेजाऱ्यांची कृपा. अशा वेळी यूएसबीतून आकडे बाहेर काढायचे आणि त्यांची वीज लॅपटॉपच्या बाहेर करायची, हा उपाय खरोखर लागू पडतो.

पण खरखरीचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तिथे लोक फुकट पैसे घालवतात. लॅपटॉप चार्जरवर, स्पीकर वेगळ्या प्लगवर, आणि दोघांमध्ये केबल, अशी रचना केली की 'घूंऽऽ' असा आवाज येतो. हा अर्थिंगचा घोळ. परीक्षा सोपी आहे: चार्जर काढा. घूं थांबलं तर दोष डॅकचा नाही. नवा यूएसबी डॅक आणूनही हे दुखणं बरेचदा जात नाही, कारण यूएसबीच्या केबलमध्येही अर्थिंगची तार असतेच आणि घोळ तिच्यातून नव्या डबीत पोचतो. आधी दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणून बघा. चार्जरची तिसरी पिन मोडून टाकणारे महाभागही असतात. विजेशी असले खेळ खेळू नका.

यावर खात्रीचा इलाज १९८३ सालीच निघाला होता. तोशिबाने काढलेल्या टॉसलिंक केबलमधून आवाजाचे आकडे लाल प्रकाशाच्या रूपाने जातात. प्रकाशाला अर्थिंग नसतं, त्यामुळे घूं येणार कुठून? जुन्या मॅकबुकवाल्यांनी एक अद्भुत पाहिलंही असेल: हेडफोनच्या भोकातून लाल उजेड. भोक बिघडलंय म्हणून काहीजण घाबरायचे. प्रत्यक्षात त्याच भोकात टॉसलिंकची सोय लपवलेली होती. २०१६च्या मॅकबुक प्रोपासून ती गेली, आणि फारसं कोणी रडलंही नाही.

४४,१०० हा आकडा आला कुठून?

डॅकच्या खोक्यावर सगळ्यात आधी दिसतो तो ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि मोजणी त्याच्या दुपटीहून जास्त वेळा व्हायला हवी, हे गणित क्लॉड शॅननने १९४९ साली मांडून ठेवलं होतं. पण मग ४२,००० का नाही? ४५,०००चा गोल आकडा का नाही?

उत्तर व्हिडिओ टेपमध्ये आहे. सत्तरच्या दशकात इतके आकडे साठवू शकेल असं आटोपशीर साधन म्हणजे व्हिडिओ रेकॉर्डर. मग आवाजाचेच आकडे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्रात बसवून टेपवर उतरवले जायचे. एका ओळीत ३ मोजण्या. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरता येण्याजोग्या २४५ ओळी. करा गुणाकार: ४४,१००. युरोपातल्या, आणि आपल्या दूरदर्शनच्याही, पाल पद्धतीत ५० फील्ड आणि २९४ ओळी. पुन्हा ४४,१००! दोन्ही जगांना चालणारा आकडा म्हणून तो सीडीत गेला आणि अजून आपल्या मानगुटीवर बसलाय. गणिताच्या शौकिनांसाठी जाता जाता: २, ३, ५ आणि ७ या पहिल्या चार मूळ संख्यांच्या वर्गांचा गुणाकारही ४४,१००च येतो. हा मात्र निव्वळ योगायोग.

१ ऑक्टोबर १९८२ला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेयर विक्रीला आला. त्यात डॅक एकच होता. तो एकदा डाव्या कानाचा आकडा वीज करून द्यायचा, मग उजव्याचा. त्यामुळे एक बाजू दुसऱ्यापेक्षा सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे. ऐकायला भयंकर वाटतं. पण एवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम ४ मिलिमीटर जातो. तुम्ही मान जराशी कलती केलीत तरी याहून जास्त फरक पडतो. तिकडे फिलिप्सकडे १६ बिटांची सीडी वाजवायला १४ बिटांचाच डॅक होता. त्यांनी तो चौपट वेगाने चालवून उरलेल्या दोन बिटांची भरपाई केली, आणि पुढे सगळ्या जगाने तीच युक्ती उचलली.

खोक्यावरचे आकडे आणि कानातले आकडे

आता ३२ बिट आणि ७६८ किलोहर्ट्झचे डॅक दोन-तीन हजारांत मिळतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. नीट बघू या.

१६ बिट म्हणजे आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ पायऱ्या. साधारण डॅकमधून २ व्होल्ट बाहेर पडतात. ते २४ बिटांत वाटले तर एक पायरी येते अर्ध्या मायक्रोव्होल्टहूनही लहान. आणि खोलीच्या तापमानाला एक किलोओहमचा साधा रेझिस्टर नुसता पडून राहिला, तरी त्याच्यातल्या इलेक्ट्रॉनांच्या वळवळीने ऐकू येण्याच्या पट्ट्यात अर्ध्या मायक्रोव्होल्टहून जास्त खरखर तयार होते. बेल लॅब्जच्या जॉन जॉन्सनने ही खरखर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच मोजली होती. म्हणजे २४व्या बिटापर्यंत पोचायच्या आतच निसर्ग दारात आडवा पडतो. २५ ते ३२ हे बिट खोक्यावर राहतात. आतल्या हिशोबाला त्यांचा उपयोग आहे, कानाला नाही.

बरं, १६च्या वरचं तरी ऐकू येतं का? बॉस्टन ऑडिओ सोसायटीच्या ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ साली एक प्रयोग छापला. उच्च दर्जाच्या डिस्कचा आवाज एकदा जसाच्या तसा ऐकवायचा, एकदा मध्येच सीडीच्या १६ बिटांतून गाळून. ऐकणाऱ्याने ओळखायचं कोणता कुठला. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवून याच्या आसपासच निकाल लागला असता. मग २०१६ला लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांची, साडेबारा हजारांवर चाचण्यांची एकत्र मोजदाद केली. निकाल ५२.३ टक्के. आकडेशास्त्राच्या भाषेत फरक आहे, आणि कान तयार केलेल्या लोकांत तो वाढतोही. ज्यांना या २.३ टक्क्यांसाठी वीस हजार मोजायचेत त्यांनी खुशाल मोजावेत. बाकीच्यांनी ते पैसे हेडफोनवर घालावेत, कारण दोन हेडफोनांतला फरक आजीलाही कळतो.

शिवाय आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यूट्यूबवरचा आवाज दाबून बारीक केलेलाच येतो. आणि आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणातलं नाट्यगीत चांगल्या डॅकवर लावलं की सगळ्यात आधी सुस्पष्ट होते ती टेपची हिस्स.

९ डॉलरचा चमत्कार

२०१६च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक काढून टाकलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या जाड पिनेचं हे नातवंड. लोक भयंकर चिडले. पण या चिडचिडीतून एक मजेदार वस्तू मिळाली: वीतभरही नसलेली पांढरी तार. यूएसबी-सीची तिची आवृत्ती अमेरिकेत ९ डॉलरला मिळते. ती नुसती तार दिसते, पण टोकाच्या त्या बोंडात पूर्ण डॅक आणि छोटा ॲम्प्लिफायर आहे. मोजमाप करणाऱ्यांनी तिला यंत्रावर चढवलं आणि आकडे बघून भले भले चाट पडले. यूएसबी-सी असलेल्या कुठल्याही लॅपटॉपला ती चालते.

तिचीही एक गोम आहे. युरोपात विकली जाणारी आवृत्ती साधारण अर्धा व्होल्ट देते, अमेरिकेतली एक व्होल्ट. कारण कानांच्या रक्षणासाठी आवाजावर मर्यादा घालणारे युरोपचे नियम. परदेशातल्या पाहुण्याकडून मागवणाऱ्यांनी पाहुणा जर्मनीचा की न्यू जर्सीचा, हे आधी विचारावं.

आणि इथेच एक खड्डाही आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तशीच दिसणारी तार शे-दीडशेला मिळते. तिच्यातल्या काहींमध्ये चिपच नसते! फोनच्या आतल्या डॅकचा आवाज यूएसबी-सीच्या पिनांतून सरळ बाहेर काढायचा, अशी सोय काही फोनांत असते. ती तार फक्त त्यांच्यासाठी. लॅपटॉपला लावली की शांतता. विकत घेण्याआधी 'यात डॅक आहे का' एवढंच विचारा. दुकानदार गोंधळला तर पुढच्या दुकानात जा.

गायब झालेला इंजिनिअर

या सगळ्या दुनियेतली सगळ्यात चटकदार गोष्ट एका अनाम माणसाची आहे. २०११च्या सुमारास 'एनडब्ल्यूएव्हीगाय' या टोपणनावाने एकजण इंटरनेटवर लिहायला लागला. महागडी यंत्रं मोजणीच्या उपकरणाला लावायची आणि त्यांचे वाभाडे काढायचे, हा त्याचा धंदा. कंपन्या खवळल्या, चाहते खवळले. 'बोलणं सोपं, करून दाखव' म्हटल्यावर त्याने करून दाखवलं. 'ओटू' नावाचा हेडफोन ॲम्प्लिफायर स्वतः आखला, त्याचा पूर्ण आराखडा जगाला फुकट दिला, आणि कित्येक पटींनी महाग यंत्रांच्या तोडीची मोजमापं मांडली. पुढच्या वर्षी त्याला जोडी म्हणून 'ओडॅक' हा यूएसबी डॅक आला. छोट्या कंपन्यांनी दोन्ही बनवून विकले. त्याने स्वतःसाठी एक पैसा घेतला नाही.

आणि २०१२च्या जुलैनंतर तो माणूस नाहीसा झाला. नवं लिखाण नाही, पत्रांना उत्तर नाही. 'आयईईई स्पेक्ट्रम'सारख्या इंजिनिअरांच्या भारदस्त मासिकानेही त्याची गोष्ट छापली, तरी तो कोण होता हे उघड झालं नाही. स्वस्त डॅक चांगला असू शकतो, हे आज कोणी सहज म्हणतं. ते त्या काळी म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं होतं.

बोलका कॅल्क्युलेटर आणि जळालेला कारखाना

अशा तारेसारख्या स्वस्त डॅकच्या, म्हणजे डोंगलच्या, खोक्यावर 'ईएसएस सेबर' असं आतल्या चिपचं नाव मिरवलेलं दिसतं. ही चिप बनवणाऱ्या ईएसएस कंपनीच्या संस्थापकांपैकी फॉरेस्ट मोझर हे बर्कलीचे अवकाश-भौतिकशास्त्रज्ञ. सत्तरच्या दशकात त्यांनी माणसाचा आवाज इवल्याशा मेमरीत बसवायची युक्ती काढली आणि त्यातून अंधांसाठी बोलणारा कॅल्क्युलेटर तयार झाला. १९८४ला कमोडोर-६४ या घरगुती संगणकावरच्या 'इम्पॉसिबल मिशन' या खेळात खलनायक चक्क बोलून धमकी द्यायचा. तो आवाजही त्यांच्याच कंपनीचा. कोणत्या वळणाने कोण कुठे पोचेल, सांगता येत नाही.

डॅकच्या चिपांत ईएसएसची मोठी प्रतिस्पर्धी म्हणजे जपानची एकेएम. २० ऑक्टोबर २०२०ला मियाझाकी प्रांतातल्या नोबेओका इथल्या तिच्या कारखान्याला आग लागली आणि ती तीन दिवसांहून जास्त धुमसत राहिली. जगभरच्या डॅकवाल्यांचा माल एका झटक्यात आटला. कित्येक कंपन्यांनी चालू मॉडेलच्या पोटातली चिप बदलून ईएसएसची बसवली. तोवर 'एकेएमचा आवाज मखमली, ईएसएसचा काचेसारखा' यावर तावातावाने भांडणाऱ्यांची मोठी पंचाईत झाली.

भक्ती याहूनही पुढे जाते. फिलिप्सच्या टीडीए१५४१ए या ऐंशीच्या दशकातल्या चिपच्या निवडक नगांवर मुकुटाचं चित्र छापलेलं असायचं. मुकुटवाली चिप सोन्याच्या भावाने जायला लागल्यावर व्हायचं तेच झालं: साध्या चिपवर मुकुट छापणारे उगवले.

कोणी घेऊच नये?

ब्लूटूथ हेडफोनवाल्यांनी. त्यांचा डॅक हेडफोनच्या आत आहे. लॅपटॉपला कितीही महाग डबी लावा, आवाज तिच्याकडे फिरकणारही नाही. यूएसबी हेडसेटवाल्यांचंही तेच. २०२१पासूनच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोवाल्यांनीही थांबावं. लावलेला हेडफोन किती ओहमचा आहे हे ती यंत्रं स्वतः ओळखतात आणि जड हेडफोनला ३ व्होल्टपर्यंत देतात. इतकं तर बाजारातले बरेच डोंगलही देत नाहीत. आणि ज्यांना लॅपटॉपच्या अंगातल्याच स्पीकरवर ऐकायचंय, त्यांच्यासाठी डॅक म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

घ्यायचाच असेल तर हे बघा. हेडफोन ३०० ओहमचा असेल, जसा १९९७पासून विकला जाणारा सेनहायझर एचडी ६००, तर त्याला व्होल्टेज लागतं. डबीवर २ व्होल्ट किंवा जास्त लिहिलेलं असावं. उलट १६ ओहमच्या नाजूक इअरफोनला जोर नको, स्वच्छता हवी. तिथे डबीचा स्वतःचा रोध, म्हणजे आउटपुट इम्पीडन्स, हेडफोनच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा, नाहीतर गाण्यातला बास आपली जागा सोडतो. ऑफिसच्या मीटिंगा असतील तर माइक चालतो का हे आधी विचारा. कित्येक भारी डोंगलांत माइकची तारच नसते. जुना विंडोज लॅपटॉप असेल तर ड्रायव्हरचं पाहा. वेगवान यूएसबी ऑडिओची सोय मॅककडे २०१० पासून होती, विंडोजने ती २०१७मध्ये दिली. मॅकवर लॉसलेस ऐकणाऱ्यांनी 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये जाऊन किलोहर्ट्झचा आकडा स्वतः बदलावा, कारण ॲपल म्युझिक तो गाण्यागणिक आपोआप बदलत नाही.

आणि दुकानात दोन डॅक ऐकून बघताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. किंचित मोठा वाजणारा नेहमी 'जास्त खुललेला' वाटतो, आणि दुकानदाराला हे तुमच्याआधी माहीत असतं.

आणि दुकानात जाण्याआधी घरातही शोधा: सुरुवातीच्या काळातला पहिला प्लेस्टेशन कोणाच्या माळ्यावर असेल तर तो भंगारात घालू नका. सोनीच्या त्या मॉडेलला मागे लाल-पांढरी आरसीए भोकं होती आणि आत एकेएमचा डॅक. पुढे ऑडिओशौकिनांनी तो सीडी प्लेयर म्हणून डोक्यावर घेतला आणि महागड्या प्लेयरांच्या शेजारी नेऊन बसवला. नंतरच्या मॉडेलमधून सोनीने ती भोकं काढून टाकली, तेव्हा माळ्यावर चढलात तर आधी यंत्राची पाठ बघा.